झुपकीचा शेंगदाणा

एक होती खार. एवढीश्शी!
नाव तिचं झुपकी.
ती राहायची शाळेतल्या चिंचेवर.

शाळेत यायची वेणू. मधल्या सुट्टीत ती झुपकीला एक शेंगदाणा द्यायची.
कुटुम कुटुम! झुपकी खायची.

एक दिवस वेणू आलीच नाही.
दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.
शेंगदाणा नाही!

झुपकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. वेणूच्या घरी.
"वेणू, वेणू, शाळेत ये!"
"कशी येऊ? बाळाला कोण सांभाळेल? आईला सांग."
बाळ रडलं, ट्यँ ट्यँ!

झुपकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. आई शेतात खुरपत होती.
"आई, आई, बाळ घे!
वेणू शाळेत येईना,
मला शेंगदाणा मिळेना!"
"कशी घेऊ? ऊन बघ किती! मी शेतात येते सातला, अंगणवाडी उघडते दहाला. ताईंना सांग."

झुपकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. अंगणवाडीत.
"ताई, ताई, सातला दार उघडा!
आई बाळ घेईना,
वेणू शाळेत येईना,
मला शेंगदाणा मिळेना!"
"कशी उघडू? हुकूम नाही. साहेबांना सांग."

झुपकी बसली जीपच्या टपावर. घुर्रर्र! साहेबांकडे.
"साहेब, साहेब, हुकूम काढा!
ताई दार उघडीना,
आई बाळ घेईना,
वेणू शाळेत येईना,
मला शेंगदाणा मिळेना!"
"कसा काढू? नियमच नाही. मंत्रीबाईंना सांग."

झुपकी बसली केळ्यांच्या ट्रकात. पों पों! मंत्रीबाईंकडे.
"बाई, बाई, नियम करा!
साहेब हुकूम काढीना,
ताई दार उघडीना,
आई बाळ घेईना,
वेणू शाळेत येईना,
मला शेंगदाणा मिळेना!"

"एका पोरीसाठी नियम? छे!"

झुपकीची शेपटी खाली झुकली. ती हळूच म्हणाली,
"एकटी वेणू नाही, बाई. मला चिंचेवरून सगळं दिसतं. पारूची जागा रिकामी. धुरपीची जागा रिकामी. त्यांच्याही घरी बाळ आहे."

"अगं बाई! इतक्या जणी?"
मंत्रीबाईंनी पेन उचललं. कुर्र कुर्र! शिक्का मारला. ठप्प!

बाईंनी नियम केला.
साहेबांनी हुकूम काढला.
ताईंनी सातला दार उघडलं.
आईनं बाळ घेतलं, ताईंकडे दिलं.
बाळ हसलं, खुदुखुदु!
आणि वेणू पळाली शाळेत. धूम धूम धूम!

गुरुजी म्हणाले, "वेणू!"
"हजर!"
"पारू!"
"हजर!"
"धुरपी!"
"हजर, हजर!"

मधली सुट्टी झाली. टण टण टण!
झुपकी सरसर खाली आली.
तीन मुठी उघडल्या.
एक, दोन, तीन शेंगदाणे!

कुटुम कुटुम संपला दाणा,
गोष्टीला आता टाटा म्हणा!