टेंभेकर वकिलाचं पान

“पुसायचं? कुणी लिहिलेलं कुणी पुसायचं?”

सोनामायनं चिंच फोडता फोडता विचारलं. वर पाहिलंसुद्धा नाही.

समोर वसंत टेंभेकर बसले होते. कयाधूकाठच्या सोनामायच्या या मठात लोक नवसाला येतात, दुखणं घेऊन येतात. टेंभेकर स्वतःचं नाव घेऊन आले होते.

“वकील परिषदेनं लिहिलंय, माय. मोबाइलवर कुणीही माझं नाव टाकावं, पान उघडतं. सनद रद्द, वकिली बंद. खाली कारण.”

“कारण खोटं आहे का?”

“...नाही.”

“मग?”

भर कोर्टात भल्याभल्यांना घाम फोडणारे टेंभेकर मान खाली घालून सांगू लागले.

“माझ्या पोरीनं वाचलं ते. मृणालनं. तीही वकील झाली. दारावर पाटी लावली तर तिच्या नावापुढं आईचं नाव. माझं नाही. म्हणाली, बाबा, माझ्या अशिलांना मी काय सांगू? सामान घेऊन गेली. फोन उचलत नाही.”

“अन् पान गेलं की लेक येईल?”

“येईल... मला वाटतं येईल.”

“मग माझ्याकडं कशाला आलास? मी काय परिषदेची साहेबीण आहे?”

“केवळाबाई तुमचं ऐकते, माय.”

चिंच फोडायचा दगड थांबला.

मठाच्या मागं भांडी वाजत होती. ती केवळाबाईच घासत होती.

नवऱ्यानं टाकलेली बाई. लेकरू आपल्याजवळ राहावं म्हणून कोर्टात गेली आणि टेंभेकरांना वकील केलं. टेंभेकरांच्या खोलीत एक रीत होती. अडाणी अशिलाची सही पहिल्याच दिवशी कोऱ्या कागदांवर घेऊन ठेवायची. पुढं अर्ज लागला की बाईला हेलपाटा नको! सोय म्हणत त्याला. आग लागो त्या सोयीला. नवऱ्याकडच्यांनी वकिलाला गाठलं, वकील फिरला, आणि त्याच सोयीच्या कागदावर मजकूर उमटला. लेकराचा ताबा मी राजीखुशीनं बापाला देते. खाली केवळाबाईची वाकडीतिकडी सही. कोर्टानं सही पाहिली. लेकरू गेलं.

गाव म्हणालं, बाईनं पोर विकलं. बापानं पोराला तेच सांगून वाढवलं.

केवळाबाई भांडत राहिली. शेवटी वकिलाची सनद गेली. पण तोवर लेकराला मिसरूड फुटलं होतं, आणि आईचं नाव काढलं की ते थुंकत होतं.

“काय पाहिजे तिच्याकडून?” सोनामायनं विचारलं.

“पान काढायला हरकत नाही, एवढं तिनं लिहून द्यावं. माझ्या अर्जाला वजन येईल. मी तिचे पाय धरीन, माय. पण तिच्यासमोर जायची छाती होत नाही.”

“कागद आणलास?”

टेंभेकरांनी लगबगीनं पिशवीतून कागद काढून पुढं केला.

सोनामायनं तो सुलटा पाहिला. उलटा पाहिला.

“कोरा आहे की रे.”

“हो, हो. खाली फक्त तिची सही घ्या. वरचा मजकूर मी घरी गेल्यावर...”

बोलता बोलता त्यांची नजर त्या कोऱ्या कागदावर गेली.

...

मायनं कागद त्यांच्या मांडीवर ठेवला. अगदी हळू. त्यापेक्षा तिनं थोबाडीत मारली असती तर परवडलं असतं.

“मेल्या,” ती म्हणाली, “हात धुतलेस, पण सवय नाही रे धुतली.”

टेंभेकर गुडघ्यात डोकं घालून रडायला लागले. मायनं रडू दिलं. उगी म्हणाली नाही. पाणीही दिलं नाही.

मग म्हणाली, “ते पान उघड. वाच.”

“माय, नको...”

“मोठ्यानं वाच. मला कमी ऐकू येतं.”

मायला ओढ्यापलीकडचं वासरू हंबरलेलं ऐकू येतं, हे सगळ्या तालुक्याला ठाऊक. टेंभेकरांनाही ठाऊक होतं. त्यांनी मोबाइल काढला.

“‘तक्रारदार केवळाबाई यांनी मुलाचा ताबा सोडण्यास... कधीही संमती दिलेली नव्हती. त्यांची सही कोऱ्या कागदावर घेऊन...’”

मागं भांड्यांचा आवाज थांबला.

टेंभेकरही थांबले.

“ते पहिलं परत वाच,” माय म्हणाली.

“‘केवळाबाई यांनी मुलाचा ताबा सोडण्यास कधीही संमती दिलेली नव्हती.’”

मागं काहीच वाजेना. नळाचं पाणी तेवढं वाहत राहिलं. मग कुणीतरी तोही बंद केला.

...

“हे आणखी कुठं लिहिलंय?” सोनामायनं विचारलं.

“काय, माय?”

“की तिनं लेकरू दिलं नव्हतं.”

“कोर्टाच्या कागदात...” टेंभेकर बोलता बोलता अडखळले. “नाही. तिथं तर राजीखुशीच लिहिलंय. ते कुणी बदललं नाही.”

“गावात?”

“नाही.”

“नवऱ्याच्या घरात?”

“तिथं कोण सांगणार? ...कुठंच नाही, माय. फक्त इथं.”

“तिचं नाव टाकलं तर हे पान उघडतं का?”

“नाही उघडत. वकिलाचंच नाव टाकावं लागतं.”

“म्हणजे तुझं.”

“माझं.”

टेंभेकरांनी मांडीवरचा कोरा कागद मुठीत चुरगाळला. पुढं काही विचारायचं राहिलं नव्हतं. तरी बापाचा जीव, त्याला राहवलं नाही.

“मग माझी पोर, माय? ती तशीच जाऊ द्यायची?”

सोनामायचे डोळे भरून आले होते. आवाज मात्र कोरडाच निघाला.

“एक लेकरू ते पान वाचून गेलं, बाबा. दुसरं, केवळाचं, वाचायला यायचंय अजून.”