पांगाऱ्याची साल

फार मागची गोष्ट. डोंगरमाथ्यावरच्या एका बागेत तेव्हा अशी थंडी पडायची, की पहाटेचं दंव पानावरच गोठायचं.

बागेत जांभळावर एक खार राहायची. शेजारी पांगारा होता. अंगावर पान नाही, नुसते काटे. कुडकुडत खार म्हणाली, "पांगारदादा, घरट्यात अंथरायला थोडी साल नेऊ का?" पांगारा थंडीनं गारठलेला, त्याच्या तोंडून शब्द फुटेना. 'गेला बिचारा,' असं समजून खारीनं साल सोलली आणि ती दचकलीच. आत हिरवंगार, ओलं! वर बघते तो गोठलेल्या दंवाखाली काळपट कळ्या फुगलेल्या.

तेवढ्यात माळीण राहीबाई कुऱ्हाड घेऊन आली. "हा पार वाळलाय. तोडून शेकोटी पेटवते, नाहीतर दंवानं रोपं करपतील."

शेकोटी! खारीला क्षणभर ऊब आठवली. मग ती धावत सोललेल्या जागेपाशी गेली. "राहीबाई, आधी इथं बघा!"

राहीबाईनं नखानं खरवडलं. "अगं बाई, जिवंत आहे की!" कुऱ्हाड टाकून ती गोवऱ्या आणायला गेली.

शिवरात्रीच्या सुमाराला पांगारा लालभडक फुलला. खार खालमानेनं म्हणाली, "दादा, मी तुला मेलेला समजून सोललं."

"सोललंस म्हणून तर माझ्यातलं हिरवं दिसलं. ये, मध खा."

तेव्हापासून खार खायच्या आधी पुढचे दोन्ही पंजे छातीशी आणते. आपल्याला वाटतं, घास धरतेय. पांगाऱ्याला ठाऊक आहे, ती हात जोडते.