एका मताचं उत्तर

"पण एका मताचं उत्तर दोन हजार मतांच्या डोक्यावर बसतंच कसं, बुवा?"

मठाचा ओटा चढायच्या आतच वैजनाथने विचारलं. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता त्याच्या.

भिवाबुवा सकाळचं ऊन खात बसले होते. ऐंशी पार केलेले, आयुष्यात कधी पाटीवर अक्षर न गिरवलेले. वैजनाथ गेली बारा वर्षं त्यांचा शिष्य. हुशार होता, आणि ते त्यालाही पक्कं ठाऊक होतं.

शेजारी बसून त्याने मोबाइल काढला आणि सगळं समजावलं. या संकेतस्थळावर कुणीही प्रश्न विचारावा, कुणीही उत्तर द्यावं. वाचणारे मतं देतात आणि ज्याला मतं जास्त ते उत्तर वर. एका प्रश्नावर वैजनाथचंच उत्तर दोन हजार मतांनी वर होतं. मठातल्या झाडून साऱ्या भक्तांना मत द्यायला त्यानेच सांगितलं होतं, तेवढं मात्र तो बोलला नाही. आता नियम फिरला होता. विचारणारा ज्या उत्तरावर खूण करील, ते सगळ्यांच्या वर. आणि विचारणाऱ्याने खूण केली होती ती दुसऱ्याच कुणाच्या, एकच मत मिळालेल्या उत्तरावर.

असंच चालणार असेल तर आपण लिहिणंच सोडतो, असं तो म्हणाला. बुवांनी फक्त हो म्हणावं.

"प्रश्न काय होता?"

"वडील गेल्यापासून आई बोलत नाही. चार महिने झाले. काय करू?"

"तू काय सांगितलंस?"

वैजनाथने मृत्यूवर लिहिलं होतं, शोकावर लिहिलं होतं, मौनावर तर दोन पानं. मध्ये सात श्लोक, अर्थासकट.

"आणि त्या दुसऱ्याने?"

"एकच ओळ. तिच्या शेजारी बसा, तुरीच्या शेंगा सोला, काही विचारू नका."



"तुझं वाचून लोक काय म्हणाले?"

"फार सुंदर, म्हणाले."

"त्याचं वाचून?"

"कुणीच काही..."

वैजनाथ अडखळला. त्या ओळीखाली बारीक अक्षरात काहीतरी होतं. गेले चार दिवस तो आकडेच पाहत होता, इथवर त्याची नजर पोचलीच नव्हती. ज्याने विचारलं होतं, त्यानेच लिहिलं होतं.

"वाच."

"आज सहावा दिवस. सोलता सोलता आई म्हणाली, ही किडकी आहे, बाजूला टाक."

...

"पुन्हा वाच."

त्याने पुन्हा वाचलं. या वेळी अर्ध्यावरच तो थांबला.

भिवाबुवा भिंतीला धरून उठले. पालखी आली तरी बसूनच हात जोडणारा हा माणूस गुडघे सावरत उभा राहिला आणि त्याने हात जोडले. समोर कुणीच नव्हतं.  आपणही कधी उभे राहिलो, ते वैजनाथला कळलं नाही.



मग त्याने हळूच विचारलं. आता त्यात राग नव्हता, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"बुवा... मग सगळ्यांत वरचं उत्तर कोणतं? माझं तर नाहीच. त्याचं का?"

बुवांनी नकारार्थी मान हलवली.

"आईला बोलतं करून बाजूला पडलेली ती किडकी शेंग."