ओहोटीचे वरदान

द्वापरयुग सरत आले होते, तेव्हाची ही कथा. पश्चिम समुद्रापलीकडे, ईशान्येचे वारे गलबतांना ज्या किनाऱ्याला नेऊन लावतात तेथे, प्रवाळाचे दगड रचून आणि शुभ्र चुन्याने लिंपून उभारलेले प्रवालपट्टण नावाचे नगर होते. चहूकडे अथांग खारे पाणी, आणि मध्यभागी गोड्या पाण्याची एकुलती एक विहीर! तो गोडवाही वरवरचा. दुधावर साय धरावी तसे खाऱ्या पाण्यावर पावसाचे पाणी तरंगत असे. विहीर देताना वरुणदेवाने बजावले होते, "पोहऱ्याची दोरी नऊ हात. त्याहून खोल गेलात, तर माझे पाणी लागेल."

विहिरीची राखण शंबरी नावाच्या स्त्रीकडे होती. नगराचा दुसरा नियमही तिच्याच माथी होता: परदेशी अतिथीचे पाय उंबऱ्याशी गोड्या पाण्याने धुवायचे, मगच त्याला आत घ्यायचे, आणि कुणालाही दारातून परत पाठवायचे नाही.

त्या वर्षी पाऊस लांबला. गलबते मात्र एकामागून एक येत राहिली. शंबरीच्या जिवाला घोर लागला. ती घटकेघटकेला विहिरीत डोकावे, दोरी मोजे, पुन्हा डोकावे. अशात शेवटच्या गलबतातून उदवास मुनी उतरले. तप्त वाळूवरून चालून त्यांच्या टाचांना रक्ताळलेल्या भेगा पडल्या होत्या, आणि राग तर ऋषींच्या नाकाच्या शेंड्यावर असतोच. ते उंबऱ्याशी येऊन उभे राहिले, आणि इकडे पोहरा पाण्याला टेकेना.

शंबरीने क्षणभर डोळे मिटले. मग लुगड्याचा काठ टरकन फाडून दोरीला बांधला. पोहरा भरून आला. घाईघाईत तिने ते पाणी चाखलेही नाही; तसेच मुनींच्या पायांवर ओतले.

"अगं आई गं!" महातपस्वी उदवास किंचाळले. दुसऱ्याच क्षणी त्यांचे नेत्र आरक्त झाले. "अतिथीच्या जखमेवर मीठ ओतणारी ही विहीर आजपासून समुद्राची होवो!"

विहिरीतून खळखळाट ऐकू आला. शंबरीची जीभ मात्र थांबली नाही.

"मुनिवर, गाठ मी मारली. शाप मला द्या, विहिरीचा काय अपराध? दोरी वाढवली तर वरुणाची आज्ञा मोडते. न वाढवावी, तर आपण धुळीच्या पायांनी माघारी जाता. मी काय करायला हवे होते, ते आपणच सांगा! उद्या या नगरातली पोरे पाणी मागतील, तेव्हा त्यांना आपला शाप पाजू?"

चार वेदांत मुनींना उत्तर सापडेना. ते खाली बसले, आणि त्यांना स्वतःची विलक्षण लाज वाटली.

"कन्ये, सुटलेला शाप मागे येत नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "पण तो अर्धा करता येईल. भरतीला विहीर समुद्राची, ओहोटीला तुमची. मात्र ती वेळ रोज सरकेल, सूर्याला पाहून कळणार नाही. ती ओळखण्याची शक्ती कुणाच्या तरी देहात ठेवावी लागेल."

"माझ्या ठेवा."

"नीट विचार कर. हे सुख नव्हे. समुद्र तुझ्या अंगात हेलकावेल. भरल्या पानावरून उठशील. मुलीला मांडीवरून खाली ठेवशील. तुला स्वस्थता अशी लाभायची नाही, आणि या नगरीच्या लेकीसुनांनाही नाही."

शंबरीने एकदा नगराकडे पाहिले. तिला फार भीती वाटली.

"द्या," ती म्हणाली.

मुनींनी तिच्या मस्तकावर हात ठेवला. त्यांचा मंत्र पुरा व्हायच्या आतच ती उठली, घागर उचलली आणि विहिरीकडे धावली. समुद्र मागे सरू लागला होता.

तेव्हापासून त्या नगरीच्या स्त्रिया बारशाच्या पाळण्याजवळून उठतात, बोहल्यावरून उठतात. घरातले माणूस गेले आणि उशाशी बसून बाई रडत असली, तरी ओहोटी लागताच ती डोळे पुसते, घागर घेते आणि निघते. पाणी भरून आणते, सर्वांना पाजते, आणि मग येऊन उरलेले रडते.