साहेबांसाठी खुर्ची

“पण बाबा, माझं चुकलं कुठं, ते तरी सांगाल?”

विश्राम चांगलाच भडकला होता. भट्टीवाडीतल्या दर्ग्याच्या ओट्यावर, दस्तगीरबाबांच्या पायाशी बसूनच तो शहाणा झाला. आता तो साहेब. शहरातली कुठली वस्ती किती गरीब, ते मोजणारा. आणि त्याच्याच मोजणीत भट्टीवाडी निघाली ‘सुस्थितीत’! झालं, वस्तीतला एकुलता एक दवाखाना हलवायचा हुकूम सुटला.

“घरोघर मी स्वतः फिरलो, बाबा. जिथं जावं तिथं खुर्ची. आणि खुर्ची असलेलं घर गरीब धरायचं नाही, हा नियमच. मग काय खोटं लिहू?”

“आणि खोकला?”

“तो तर घरोघर. तान्ही पोरंसुद्धा खोकतात.”

“भट्ट्यांचा धूर दिसला नाही?”

“धुराला रकाना नव्हता.”

“मग?”

“मग काय... घरात सारं असून माणसं खंगतात, म्हणजे सवयीच वाईट. तसा शेरा मारलाय मी.”

“व्वा रे पठ्ठ्या! चोर सोडून संन्याशाला फाशी!”

बाबा तडक उठले. समोरच्या दारात जाऊन त्यांनी हाक मारली, “हलीमा, साहेब आलेत गं!”

आत एकच धावपळ उडाली. जरा वेळानं एक निळी खुर्ची पुढं आली. तिचा डावा हात तारेनं बांधलेला.

“बसा साहेब.”

विश्राम बसला. तारेत त्याची बाही अडकली.

बाबांनी त्याला लगेच उठवलं आणि दोन घरं सोडून सुंदराबाईच्या दारी नेलं. सुंदराबाई मागच्या दारानं खुर्ची घेऊन आली. बाईला धाप लागलेली, खोकल्यानं बोलवेना. तिनं हातानंच ‘बसा’ म्हटलं.

विश्राम बसला नाही. निळी खुर्ची. डाव्या हाताला तार... मोजणीच्या दिवशीही बाही अशीच अडकत होती. घरोघर.

“फसवलं मला यांनी!” तो ओरडला.

“फसवलं?” बाबा कडाडले. “दारी आलेल्याला मान दिला, हा गुन्हा झाला यांचा?”

सुंदराबाई तोंडाला पदर लावून खोकत राहिली. विश्रामची मान खाली गेली.

“बाबा... कुणाची आहे ही खुर्ची?”

“दवाखान्याची. तिथं कुणी आजारी उभा असेल. जा, ठेवून ये.”