पंखवाल्या लेकी

तळ्यांना अजून नावं पडायची होती, त्या काळची ही गोष्ट. एका तळ्यात चोचीवर पिवळा नि लाल रंग मिरवणारी हळदीकुंकू बदकीण आपली पिल्लं घेऊन राहत होती. उन्हानं पाणी आटलं, लपायला लव्हाळी उरली नाहीत, वर घार घिरट्या घालू लागली, तरी ती हलेना. पिल्लांना पंख फुटले की सगळी मिळून नदीवर उडत जाऊ, असं तिनं मनाशी धरलं होतं.

जवळच कमळाच्या पिवळ्या पडलेल्या पानावर मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, होता. त्यातली एक म्हातारी माय लेकींना निरोप देत होती. तिला स्वतःला पंख नव्हते. पण पान वाळायला लागलं तशा तिच्या पोटी पंखवाल्या लेकी जन्मल्या होत्या.

बदकीण म्हणाली, “नशीब काढलंस गं बाई. मला पंख आहेत, तर लेकरांना नाहीत.”

“पाय आहेत ना त्यांना?”

“अगं, बदकाच्या जातीनं फेंगड्या पायांनी रानातून चालत जायचं? बगळे हसतील की!”

“हसू देत,” म्हातारी म्हणाली. “माझ्या लेकी चालल्या त्या वाटेनं मला जाता येत नाही. तुला लेकरांबरोबर जाता येतंय, आणि तू बसून राहिलीस.”

बदकीण पंख मिटून चिखलातून काठावर चढली. पिल्लं मागोमाग आली.

तिनं वळून पाहिलं. पान दिसत होतं. म्हातारी एवढ्या लांबून दिसणारी नव्हती. तरी बदकिणीनं तिकडे मान लववली, आणि सगळ्यात धाकट्याला झेपेल एवढंच पाऊल टाकत ती नदीकडे निघाली.