आकृती सातची सावली

एका गावात एक बाई होती. तिला सरळ रेघ काढता येत असे. एवढंच का, असं तुम्ही विचाराल. काढून बघा. शाई फुटू न देता, या टोकापासून त्या टोकापर्यंत सारख्या जाडीची एक रेघ काढून बघा, आणि मग पुढचं ऐका.

बाईचं नाव हेमलता सुतार. वडील खरंच सुतारकाम करत. लाकडावर खूण करायची पेन्सिल ते इतकी तासत, की ती मोडेल अशी भीती वाटे. "रेघ जाड, तर सांधा सैल," असं ते म्हणत. त्यापलीकडे त्यांनी मुलीला फारसा उपदेश केला नाही. हेमलता आयटीआयमध्ये आरेखन शिकली. वीस वर्षं तिने कागदावर यंत्रांच्या आकृत्या काढल्या. पुढे कागद गेला आणि कॉम्प्युटर आला. रेघ मात्र तीच राहिली.

त्या गावात काकडे यांची एक सॉफ्टवेअर कंपनी होती. पूर्वीच्या गोष्टींत राजा असे, हल्ली कंपनी असते. फरक थोडाच. ही कंपनी दूध थंड ठेवणाऱ्या केंद्रांसाठी प्रोग्राम बनवी. डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवरून दूध येई, मोठ्या टाकीत थंड होई, आणि टाकीचं पाणी, वीज, तापमान या सगळ्यावर प्रोग्राम लक्ष ठेवी. प्रोग्राम लिहिणारे सहा जण होते. तो कसा वापरायचा याची पुस्तिका लिहिणारी आणि तिच्यातल्या आकृत्या काढणारी एकटी हेमलता. प्रोग्रामचं कौतुक होई. पुस्तिकेचं कोण करतो? जेवण चांगलं झालं की यजमानाचं नाव होतं, आणि मीठ कमी पडलं की आचारी आठवतो.

आता ही पुस्तिका कशी तयार होई ते सांगतो. अवघड नाही. एक बटण दाबलं की एकीकडून मजकूर येई, दुसरीकडून एकेचाळीस आकृत्या येत, आणि दोन्हींची मिळून एक पीडीएफ तयार होई. हेमलताच्या आकृत्या रेघांच्या होत्या. म्हणजे कॉम्प्युटर त्यांचं चित्र साठवत नसे. इथून तिथवर रेघ, इथे गोल, इथे आकडा, एवढं फक्त लिहून ठेवत असे. अशी आकृती कितीही मोठी करा, रेघ स्वच्छच राहते. फोटोचं तसं नाही. फोटो ठिपक्यांचा असतो. तो मोठा केला की ठिपके पसरतात आणि सगळा चिखल होतो.

रेघांच्या आकृत्या उचलून पीडीएफमध्ये नेऊन बसवायला मध्ये एक छोटा प्रोग्राम होता. कंपनीत सगळे त्याला 'हमाल' म्हणत. हा हमाल निवडला होता मोरेश्वर खांबेटेने, आणि त्याची देखभालही तोच करी. मोरेश्वर कमी बोलणारा माणूस. त्याचं काम बिघडलं नाही तर तो कंपनीत आहे हेही लोकांच्या लक्षात येत नसे.

चिंचखोरे नावाच्या गावी एक दूध केंद्र होतं. ते अनसूया ढेबे सांभाळत. नऊ वर्षं केंद्राची किल्ली त्यांच्या कमरेला होती, आणि नऊ वर्षांत एक थेंब वाया गेला नव्हता. एका संध्याकाळी टाकी काठोकाठ भरली असताना पडद्यावर अक्षरं आली: थंड पाणी कमी. आकृती सात पाहा. अनसूयाबाईंनी पुस्तिकेतलं ते पान छापून भिंतीला चिकटवलेलं होतं. आकृतीत नळ्या होत्या, नळ्यांवर व्हॉल्व्ह होते, आणि बंद करायच्या व्हॉल्व्हवर आकडा होता. अनसूयाबाईंनी चष्मा पुसला, आकडा वाचला आणि पहिला व्हॉल्व्ह बंद केला.

बंद करायचा होता नववा.

रात्रभर थंड पाणी आलंच नाही, आणि सकाळी टाकीचं झाकण उघडलं तर अठराशे लिटर दूध फाटलेलं. दूध घालणाऱ्या बायका केंद्राच्या दारात उभ्या राहिल्या. केंद्र चालवणाऱ्या दूध संस्थेच्या लोकांनी तर स्पष्ट सांगितलं: महिन्याभरात पुन्हा असं झालं, तर किल्ली ठेवायची आणि घरी बसायचं.

अनसूयाबाईंनी पुस्तिकेवरचा फोन नंबर शोधला. फोन हेमलताच्या टेबलावर वाजला.

"बाई, तुमच्या सात नंबरच्या चित्रात ह्यो आकडा येक हाय का नऊ? मला तर दोनी बी दिसत्यात."

हेमलताने स्वतःची मूळ आकृती उघडली. आकडा स्वच्छ नऊ होता. मग तिने पीडीएफ उघडली आणि तेच पान मोठं केलं. रेघा फुगल्या होत्या, कडांना लव आली होती, आणि नऊचा आकडा एकाच्या इतका जवळ गेला होता की तिची तिलाच लाज वाटली. लाजेचा राग व्हायला वेळ लागत नाही. ती उठून मोरेश्वरच्या टेबलाशी गेली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "माझ्या रेघा स्वच्छ आहेत. तुझ्या हमालाने चिखल केलाय."

मोरेश्वरने हमाल तपासला. कुठेही बिघाड दिसेना, कुठे चूक झाल्याची नोंदही नव्हती. तेव्हा तो नेहमीप्रमाणे काहीच बोलला नाही. गप्प माणूस दोषी ठरायला सोपा असतो.

कंपनीचे मालक दत्ताजीराव काकडे यांनी मोरेश्वरला बोलावलं. "आठ दिवस देतो," ते म्हणाले. "नाही जमलं तर हे काम तुमच्याकडून काढतो. तोवर काहीतरी करा, पण आकडे दिसू द्या." पीडीएफमध्ये रेघांऐवजी ठिपके का येतात ते मोरेश्वरला कळेना, म्हणून त्याने ठिपकेच चौपट दाट केले. आकडे दिसू लागले, पण पुस्तिका इतकी जड झाली की चिंचखोऱ्यात अनसूयाबाईंच्या फोनवर ती उघडेचना. रोगापेक्षा औषध भयंकर. सहा दिवस उरले, मग पाच.

हेमलताचं काम खरं तर संपलं होतं. दोष दुसऱ्याचा ठरला होता. पण अनसूयाबाईंचा आवाज तिच्या कानातून जाईना. एका दुपारी तिने छापलेल्या पुस्तिकेची पानं सुटी केली आणि एकेचाळीसच्या एकेचाळीस आकृत्या बैठकीच्या खोलीत जमिनीवर मांडल्या. मग भिंग घेऊन ती एकेक बघत गेली. सगळीकडे तोच चिखल. फक्त दोन आकृत्या लख्ख होत्या, चौथी आणि बारावी.

चौथी आणि बारावी या तिच्या सगळ्यात जुन्या आकृत्या होत्या. अगदी साध्या, बोडक्या. त्या पुन्हा काढायच्या असं ती किती दिवस म्हणत होती. बाकीच्या एकोणचाळीसांत तिने प्रत्येक नळीखाली मऊशी सावली घातली होती. सहा वर्षांपूर्वी तिला ही सावली घालण्याची युक्ती सापडली, तेव्हा दत्ताजीराव म्हणाले होते, "वा, सुतारबाई, नळी हातात धरावीशी वाटते." सहाच शब्द होते, पण त्यानंतर तिच्या एकाही नळीला सावलीवाचून चैन पडलं नाही.

ती जागेवर गेली. आकृती सातमधली सावली तिने काढून टाकली आणि बटण दाबलं. नवं पान उघडलं, मोठं केलं, आणखी मोठं केलं. पडदाभर एक आकडा उभा राहिला. तो नऊ होता. आंधळ्यालाही चाचपून कळला असता, इतका स्वच्छ नऊ.

मग तिला सगळं उमगलं. हमालाला रेघा उचलता येत होत्या, गोल उचलता येत होते, आकडे उचलता येत होते. सावली त्याला पेलत नव्हती. खरा हमाल अशा वेळी सांगतो, की हे ओझं माझ्याच्याने होणार नाही. हा सांगत नव्हता. तो गुपचूप सबंध आकृतीचा फोटो काढत होता आणि फोटो नेऊन टाकत होता.

आता इथे जरा थांबा, कारण गोष्टीतली खरी वेळ हीच आहे. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. सावल्या हळूच पुसून टाकल्या असत्या, तर हेमलताने आकृत्या सुधारल्या असं सगळे म्हणाले असते. दोष मोरेश्वरकडेच राहिला असता. त्याच्या अंगाला तो चिकटूनही बसला होता, आणि तो झटकायला मोरेश्वर काही तोंड उघडणारा माणूस नव्हता. आपण ज्या गोष्टीचा तोरा मिरवला तिनेच एका बाईच्या कमरेची किल्ली पणाला लावली, हे हेमलताला गिळवेना. वडील असते तर काय म्हणाले असते हेही तिला ठाऊक होतं. सावली म्हणजे तरी काय, पावडर लावलेली जाड रेघ.

चार वाजता चहाला सगळे जमले. हेमलताने दोन कागद टेबलावर ठेवले, एक सावलीचा आणि एक बिनसावलीचा.

"मोरेश्वर, हमाल बिघडलेला नाही. माझी सावली त्याला पेलत नव्हती. तुला चारचौघांत बोलले, म्हणून चारचौघांतच सांगते. चूक माझी."

दत्ताजीराव सांभाळून घ्यायला म्हणाले, "जाऊ द्या हो, सुतारबाई. चुकतं एखाद्या वेळी."

"जाऊ कसं द्यायचं? अठराशे लिटर दूध गेलंय."

मोरेश्वरने दोन्ही कागद उचलले आणि उजेडाला धरले. त्या आठवड्यात पहिल्यांदाच तो लांबलचक बोलला. "ताई, निम्मी चूक माझी. पेलत नाही हे त्याने ओरडून सांगायला हवं होतं. तशी सोय मी केलीच नाही. गप्प बसतो ते बरंच आहे असं मला वाटत होतं."

त्या दिवसापासून दोघं एका टेबलाशी बसले. हेमलताने एकेका आकृतीतून सावली काढली. प्रत्येक नळी तिने पुन्हा नुसत्या रेघांनी उभी केली, आणि सांगायला अभिमान वाटतो, की सावलीशिवायही त्या नळ्या हातात धराव्याशाच वाटत होत्या. तिकडे मोरेश्वरने हमालाला नवी शिस्त लावली. जे उचलता येत नाही त्याचा फोटो करायचा नाही. थांबायचं, आणि कुठल्या आकृतीत काय पेललं नाही ते नाव घेऊन सांगायचं. ते दुरुस्त होईपर्यंत पुस्तिका तयारच होणार नाही.

चौथ्या दिवशी बटण दाबलं, तर हमाल थांबला आणि बोलला: आकृती तेवीस, सावली. एका बोल्टखाली हेमलताकडून नखाएवढी सावली राहून गेली होती. मोरेश्वर खुदकन हसला. हेमलताही हसली, आणि तिने तीही काढली. मग पुस्तिका तयार झाली. चिखलवाल्या जुन्या पुस्तिकेपेक्षाही ती हलकी होती, कारण रेघांना ओझं नसतं.

शेवटच्या पानावर हेमलताने दोन ओळी घातल्या. "आकृती सातमध्ये आकडा नीट दिसत नव्हता, कारण आम्ही तिच्यात सावली घातली होती आणि ती तपासली नव्हती. आता सर्व आकृत्या नव्याने केल्या आहेत."

दत्ताजीरावांनी त्या वाचल्या आणि कपाळाला आठ्या घातल्या. "आपली चूक आपणच छापायची? लोक काय म्हणतील?"

"म्हणोत," हेमलता म्हणाली. "इतकी वर्षं या आकृत्यांखाली माझं नाव नव्हतं, आणि मी कधी मागितलं नाही. आता मागते. या दोन ओळींखाली घाला."

"माझंही," मोरेश्वर म्हणाला.

दत्ताजीराव राजे असले तरी शहाणे राजे होते. त्यांनी पान तसंच छापायला दिलं.

नवी पुस्तिका तेवीस केंद्रांवर गेली. आठवडा गेला, दुसरा गेला. टेबलावरचा फोन वाजला नाही. पुस्तिका लिहिणाऱ्याच्या नशिबी टाळ्या नसतात. फोन न वाजणं हीच त्याची टाळी. हेमलताला हे माहीत होतं, तरी चिंचखोऱ्याची काळजी तिच्या मनातून गेली नव्हती.

महिना भरायला चार दिवस उरले असताना फोन वाजला. पलीकडे अनसूयाबाई होत्या.

"बाई, परवा पुन्ना पानी अडलं हुतं."

हेमलताने विचारलं, "मग?"

"मग काय. चित्र बगितलं, नऊ बंद केला. सकाळी दूध बर्फावानी गार. काय अडलं न्हाई, म्हनून फोन केला." मग त्या म्हणाल्या, "मागल्या पानावर तुमचं नाव वाचलं. चूक लिवलीया तिथं. सोताची चूक कोन लिवतं वो? म्हनलं, ह्या बाईच्या आकड्यावर डोळं मिटून इस्वास ठेवावा."

हेमलताला एकच विचारायचं होतं. "आणि किल्ली?"

"कमरंला हाय," अनसूयाबाई म्हणाल्या.

हेमलताने फोन खाली ठेवला. मग तिने एक कोरा कागद घेतला, पेन्सिलीला टोक काढलं आणि काही काम नसताना एक रेघ ओढली. या टोकापासून त्या टोकापर्यंत, सारख्या जाडीची.

तात्पर्य: आपण कुठे कमी पडलो हे जो चारचौघांत सांगू शकतो, त्यालाच आपल्या कामाखाली ताठ मानेने नाव लिहिता येतं.